विहिरीचं कुलूप

समुद्रकाठच्या सुरूच्या बनात तंबू ठोकून राहिलेल्या जटावाल्या हिप्पींपैकी एक मुलगी आज सकाळी माझ्या विहिरीवर आली. हिच्या डोक्याचा मात्र चकोट, हातभर गोंदण. चपला खाली काढून ती कट्ट्यावर चढली, पाणी शेंदलं आणि जाताना पुढच्या माणसासाठी भरलेली बादली काठावर ठेवून गेली. ही आमचीच जुनी रीत. नळ आल्यापासून गावात कुणी पाळत नाही.

गावाने मात्र ठरवलंय, यांना पाणी द्यायचं नाही. म्हणे गांजा ओढतात. ओढत असतीलही. देवळामागे आमचा पत्त्यांचा अड्डा रोज बसतो, तो कुणी उठवत नाही. परक्याचं व्यसन लांबूनही दिसतं, घरचं मात्र अंगवळणी पडतं.

दुपारी शेजारचे अण्णा कुलूप घेऊन आले. “वहिनी, विहिरीच्या जाळीला लावा. गाव बिघडतंय.”

“तहानलेल्याला परत पाठवून सुधारेल?”

ते कुलूप ठेवून तरातरा निघून गेले.

माझी प्लॅस्टिकची बादली हलकी, पाण्यावर नुसती तरंगते. तिच्या कडीपाशी मी ते कुलूप अडकवलं. आता ती झटकन कलते आणि काठोकाठ भरते.

संध्याकाळी अण्णांनी कुंपणावरून विचारलं, “लावलंत ना कुलूप?”

“लावलं की,” मी म्हटलं. “बादलीला.”