आधी दार लावतात

मच्छिंद्रने पुण्याजवळच्या मांजरी गावातला ऊस मोडून रान बिल्डरला दिलं, तेव्हा गावात त्याला शहाणा म्हणणारे होते तसे येडा म्हणणारेही होते. त्याने दोघांनाही धूप घातला नाही. रानात सोसायट्या उभ्या राहिल्या, कंप्युटरच्या कंपन्यांतली पोरं तिथे राहायला आली, आणि नळाला पाणी नाही म्हणून मच्छिंद्रचेच टँकर त्यांच्या दारात जाऊ लागले. "माझ्याच रानात राहत्यात आन् माझ्याच हिरीचं पाणी पित्यात," असं तो पारावर बसून सांगायचा. त्याने संगमरवरी पायऱ्यांचा दुमजली बंगला बांधला. त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

ते काम त्याच्या मुलीने केलं. शेफाली तेव्हा बारावीला होती. मच्छिंद्रने तिच्यासाठी एका जमीनदाराचा मुलगा हेरला होता. विश्वजीत त्याचं नाव. पाहुणे आले, पोहे झाले, आणि सुपारीची गोष्ट निघाल्यावर शेफाली खाली न बघता म्हणाली, "मला अठरा पूर्ण नाहीत. सुपारी फोडलीत तर मी स्वतः पोलिसांत जाईन. तुमचं नावही सांगेन."

पाहुणे उठले. मच्छिंद्र त्यांना गेटपर्यंत सोडायला गेला, हसला, हात जोडले. गाडी वळली तशी त्याने आत येऊन दार लावलं. नंदा, त्याची बायको, बाहेरच राहिली होती. दुसऱ्या दिवशी शेजारणींना तिनेच सांगितलं, की शेफालीची दाढ सुजलीय.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. "हिला म्हणावं, टीव्ही बारीक कर." "आई, त्यांना सांग, मला अभ्यास आहे." एकाच खोलीत समोरासमोर बसून दोघं नंदाच्या तोंडून बोलायची. मच्छिंद्रला आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. त्याच्या बापाने त्याला बैलाच्या चाबकाने फोडला होता. त्याने कधी चारचौघांत बापाची इज्जत काढली होती का?

अशात सिनेमावाले आले. दीपमाला नावाची दिग्दर्शिका पुण्याजवळ बंगला शोधत होती. बाप आणि वयात आलेली मुलगी, अशी घरगुती गोष्ट होती. मच्छिंद्र खूश झाला. गेटाबाहेर जनरेटरची गाडी, अंगणात नट-नट्या. गाव बघायला लोटलं. तो रोज कडक इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा. सिनेमातल्या मुलीला गावाकडचं बोलणं जमत नव्हतं, म्हणून दीपमालाने शेफालीला मदतीला घेतलं. मच्छिंद्रला ते आवडलं नाही, पण गावासमोर नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

एके सकाळी हॉलमध्ये बापाने मुलीवर हात उगारायचा प्रसंग होता. नटाने पाहुण्यांदेखत आरडाओरडा केला, हात उगारला, मुलगी किंचाळली. दीपमालाने मान हलवली. "पुन्हा घेऊ. खरं वाटत नाहीये."

"वाटणारच नाही," कोपऱ्यातून शेफाली म्हणाली. "असं पाहुण्यांसमोर कुणी मारत नाही."

नटाने विचारलं, "मग कसं मारतात?"

"आधी पाहुण्यांना सोडायला जातात. हसून हात जोडतात. मग आत येतात आणि आधी दार लावतात." तिचा आवाज वरचाही नव्हता आणि कापतही नव्हता. "आणि मारताना ओरडत नाहीत. शेजारी ऐकतात ना. ओरडू नकोस, असं मार खाणारीलाच सांगतात."

दिवे धरणारी माणसंसुद्धा थांबली. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा व्हरांड्यातल्या खुर्चीकडे गेल्या.

मच्छिंद्रने खुर्ची मागे ढकलली. तो उठून हॉलमध्ये आला आणि त्याने दिव्याचा स्टँड लाथेने पाडला. "उचला सामान! आत्ताच्या आत्ता!"

"मच्छिंद्रराव, अहो, अर्धं काम राहिलंय," दीपमाला म्हणाली.

"काम तुमचं आसंल. घर माझं हाय."

"घर कुणाचं आहे ते कळलं आम्हाला," ती थंडपणे म्हणाली आणि तिने माणसांना सामान बांधायला लावलं.

"आन् हिलाबी घेऊन जा."

"मी जातेच आहे, अण्णा," शेफाली म्हणाली. "पण त्यांच्याबरोबर नाही."

आणि मग मच्छिंद्रने कधी कल्पनाही केली नव्हती ते झालं. नंदा लेकीची बॅग घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "वारज्याला नागोरावकडं सोडून येते हिला," ती म्हणाली. नागोराव तिचा भाऊ. "आडवं येऊ नका. आज दाराच्या आत मी हाय."

तो आडवा आला नाही. गेटाबाहेर सगळं गाव उभं होतं, म्हणूनही असेल.

शेफाली मामाकडे राहून बारावी झाली, इंजिनिअर झाली, हिंजवडीला नोकरीला लागली. सिनेमा दुसऱ्या कुणाच्या घरात पुरा झाला. तो प्रसंग तिने सांगितला तसाच घेतला होता. टीव्हीवर लागला तेव्हा गावाने बघितला. मच्छिंद्रला कुणी काही बोललं नाही, पण तो आला की पारावरचं बोलणं तुटायचं. त्याने पारावर जाणं सोडलं. एका सोसायटीच्या चेअरमनने सहज विचारलं, "तुमच्याकडेच शूटिंग होतं ना हो ते?" त्या आठवड्यात त्या सोसायटीत टँकर गेला नाही. बायका बादल्या घेऊन शेजारच्या इमारतीत हिंडल्या. चेअरमन माफी मागायला आला, पण कशाची मागायची ते त्याला समजेना.

दिवाळीत शेफाली येते, ते आईसाठी. फराळाचं ताट घेऊन दोघी आत बोलत बसतात. मच्छिंद्र अंगणात ड्रायव्हरवर खेकसत असतो. गेल्या खेपेला ती स्वतःची गाडी घेऊन आली. नंदाने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मच्छिंद्रने लांबूनच बघितलं. पोरीनं आपल्या जिवावर घेतली, एवढं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्यानेच तो आणखी चिडला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तो थेट तिच्याशी बोलला.

"गेटात लावू नको ती. टँकर निघायचाय."

"काढते," शेफाली म्हणाली. तिने गाडी काढली ती थेट वारज्याला नेली, आणि त्या वर्षी भाऊबीजेपर्यंत मामाकडेच राहिली.