नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या आजाराला पित्त म्हणत. म्हणजे आईनेच तसं सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेला स्किझोफ्रेनिया हा शब्द तिने उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. पोराची नोकरी, लग्न, लोक काय म्हणतील! त्यामुळे गंमत अशी झाली, की समोर कोणी नसताना माझ्या कानात आवाज यायचे आणि शेजाऱ्यांकडून घरात पित्तावर उतारा म्हणून कोकमाचं आगळ यायचं. प्रत्येकाचं गावचं, अस्सल! आजही तो आंबट वास आला की मला चाळ आठवते.

त्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाआधी माझं पुन्हा बिनसलं. गोळीत विष आहे, असं ते आवाज सांगत. मी आईसमोर गोळी तोंडात टाकायचो आणि बाहेरच्या सामायिक मोरीत जाऊन थुंकायचो. कोणाला पत्ता नव्हता. देवावरचा विश्वास तर पार उडाला होता. आईने इतकी वर्षं पूजा केली, त्याचं हे फळ? मला परत दवाखान्यात भरती करावं लागलं तर ती खचेल, हे कळत होतं. तरी गोळी गिळवत नव्हती.

पूजेला आईने मला ओढतच नेलं. मी जिन्याजवळ, सगळ्यांच्या मागे बसलो. आरतीनंतर शेजारच्या खोलीतले तात्या गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आम्हा कोकणातल्या लोकांत एकाने देवाकडे मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. पाऊसपाणी, पोरांच्या परीक्षा, सगळं मागून झालं. मग तात्यांनी पुन्हा हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ज्या कोणा लेकराच्या कानात नाय नाय ते आवाज येतत, तेची गोळी चुकाक देऊ नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तेच्या वांगडा, बाजूक बसाची बुद्धी आमकां दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

अख्खी चाळ गरजली. आईने पदर तोंडाला लावला. पण एवढ्या माणसांतल्या एकानेही मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

तात्यांनी मला थुंकताना पाहिलं होतं, की देवानेच त्यांच्या तोंडून वदवलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. घरी येऊन आईला खरं सांगितलं आणि तिच्यासमोर गोळी गिळली. पुढे रोज संध्याकाळी कोणी ना कोणी गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसायचं. क्रिकेट, कॅरम, गावच्या गप्पा-गजाली. आजाराबद्दल अवाक्षर नाही. आवाज बडबडत राहायचे, पण त्यांचं ऐकायला मला सवड नसायची. किती भरलेल्या होत्या त्या संध्याकाळी!

आता चाळीच्या जागी टॉवर आहे आणि तात्या नाहीत. आवाज अधूनमधून येतात, गोळी चालू आहे. शरण जायचं म्हणजे एकट्याने देवापुढे डोकं टेकायचं, असं मला वाटायचं. माझ्यात मागायचीही ताकद नव्हती, तेव्हा दुसऱ्यांनी माझ्यासाठी मागितलं. मी फक्त त्यांना मागू दिलं. त्या दिवशी सगळ्यांच्या मागे बसून शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ मीही म्हणालो होतो, अगदी हळू. देवाने ते ऐकलं, एवढं मी नक्की सांगतो.