चौथीच्या निरोपाची आमटी

साडेदहा वाजून गेले तरी धोतरावर एकसुद्धा भाकरी पडली नव्हती.

साळूबाईनं आमटीत पळी फिरवता फिरवता पुन्हा एकदा शाळेच्या व्हरांड्याकडं पाहिलं. पांढरंशुभ्र धोतर अंथरलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार दगड, आणि मधे काही म्हणता काही नाही. दर साली एवढ्या वेळेला भाकरीचा ढीग गुडघ्याला लागायचा. ती मनातून धास्तावली. पण तोंडावर दाखवील तर ती साळूबाई कसली! पदर खोचून तिनं चुलीत आणखी एक ढलपी सारली.

पाथर्डीच्या डोंगराकडेला असलेल्या या वाडीत शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पोरं खालच्या मोठ्या गावाला जातात. म्हणून एप्रिलात परीक्षा आटोपल्या की चौथीच्या पोरांना निरोप द्यायचा, आणि तो साऱ्या वाडीनं मिळून द्यायचा, अशी इथली रीत. सकाळी लिंबू-चमचा, पोरींची गाणी, भाषणं, दुपारी जेवण. आमटी शाळेची आणि भाकरी घराघरातली, घरटी पाच. ज्याच्या घरात शाळेतलं पोर नाही त्याच्याही पाच. मागं एकदा सोनईला दिलेली एक लेक बाळंतपणाला आली होती, तिनंसुद्धा स्वतःच्या वेगळ्या पाच धाडल्या होत्या. आणि आमटी मात्र एकोणीस वर्षं साळूबाईच्याच हातची.

साळूबाई म्हणजे शाळेची खिचडी शिजवणारी. कागदोपत्री ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’, पोरांची मावशी. नवरा अकाली गेला, पोटी मूलबाळ नाही, सासरी नुसती खुरपायची धनी. एक दिवस शाळेच्या चुलीपाशी येऊन बसली ती बसलीच. तोंडानं अशी फटकळ की सोय नाही! ताटात चार शितं राहिली तरी पळी उगारून अंगावर यायची. आणि हीच बाई एखादं पोर दोन दिवस दिसलं नाही तर संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन बसायची. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाची आई उसाला गेलीय, कोण सकाळी उपाशी येतंय, हे तिला गुरुजींच्या हजेरीपटापेक्षा पक्कं ठाऊक.

एवढं सगळं एका दुपारी मातीत गेलं. तीन आठवड्यांपूर्वी खिचडी खाऊन तास होतो न होतो तोच चौथीतल्या अकरा पोरांना उलट्या सुरू झाल्या. टेम्पोत घालून दवाखान्यात पळवावं लागलं. दहा जण संध्याकाळी खेळत घरी आले. ओंकारला तेवढं दोन दिवस सलाइन. ओंकार म्हणजे शाळा समितीचा अध्यक्ष अंगदराव, त्याचा पोरगा. त्याची आई सविता दवाखान्याच्या दारातच साळूबाईच्या अंगावर धावून गेली. ‘‘काय घातलं गं माझ्या लेकराला? पाल शिजवलीस का खिचडीत?’’ असं म्हणाली, आणि ते सगळ्या वाडीनं ऐकलं.

आजारी पडली ती नेमकी चौथीचीच कशी, असं कुणी विचारलं नाही असं नाही. पण चौथी पहिल्या पंगतीला बसते, वरवरचं त्यांच्याच ताटात गेलं असणार, असं लोकांनी आपलं आपण जुळवून टाकलं. वर्गात पोरं बारा. बारावी मोनिका, ती एकटी धडधाकट राहिली, म्हणून तिच्या आज्यानं देवापुढं नारळ फोडला.

त्या दिवसापासून पोरं घरून डबे आणू लागली. खिचडीचा नमुना तपासायला गेला होता, त्याचा निकाल काही आला नाही. साळूबाई मात्र नियमाप्रमाणं रोज शिजवायची, पहिला घास आपण खायची आणि बाकीचं पातेलं शाळेमागं कुत्र्यांपुढं उपडं करायची. एकोणीस वर्षं जिनं पोरांना एक शीत टाकू दिलं नाही, तिच्यावर ही पाळी! पातेलं घासताना ती रडायची, आणि कुणी आलं की धुरानं डोळे चुरचुरतात म्हणायची.

मग निरोपाची बैठक बसली. अंगदराव म्हणाला, ‘‘औंदा पाथर्डीचा आचारी बोलवू. पोरांच्या जिवाशी खेळ नको.’’ मुख्याध्यापक गोरक्षनाथ गुरुजी भला माणूस. पण अध्यक्षानं मान हलवली की हे दोनदा हलवणार. खांबाला टेकून उभ्या असलेल्या साळूबाईचा पारा चढला.

‘‘आमटी मीच करनार,’’ ती म्हणाली. ‘‘वाडीनं भाकरी धाडली तर मी हाय. धोतर रिकामं ऱ्हायलं, तर बाराच्या ठोक्याला कोठीची किल्ली गुर्जींच्या टेबलावर ठिवते. परत चुलीपाशी दिसले तर थुंका माझ्या तोंडावर.’’

‘‘ठरलं,’’ अंगदराव म्हणाला.

रागाच्या भरात बोलून बसली खरी, पण घरी गेल्यावर पस्तावली. ही चूल गेली तर बाईजवळ दुसरं काय होतं? आणि खरी गंमत पुढंच आहे. अकरा पोरांना काय बाधलं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

उलट्यांच्या चौथ्या दिवशी, सगळी पोरं बरी होऊन शाळेत आल्यावर, मोनिका कोठीत येऊन तिच्या मांडीवर पडून हमसाहमशी रडली होती. मोनिकाचे आईबाप दिवाळीपासून पुणतांब्याकडं ऊस तोडायला गेलेले. पोरगी आज्यापाशी, सहादेव म्हाताऱ्यापाशी. त्याला धड दिसत नाही, म्हणून दहा वर्षांची पोर दोघांचा स्वयंपाक करते. शाळेत ज्याचा वाढदिवस असेल त्यानं वर्गाला चॉकलेट वाटायचं. मोनिकानं चार वर्षं सगळ्यांची चॉकलेटं खाल्ली आणि एकदाही वाटली नाहीत. या शाळेतला हा शेवटचा वाढदिवस. मग पोरीनं काय करावं? शाळेमागच्या कुंपणाला मोगली एरंड होता. त्याचं काळं बी फोडलं की आत पांढरा गर निघतो, चवीला शेंगदाण्यासारखा. तिनं ओंजळभर बिया सोलल्या, वहीच्या कागदात बांधल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधी ‘काजू हायेत’ म्हणून वर्गात वाटल्या. वाटता वाटता संपल्या, स्वतःला एकही उरली नाही.

‘‘मावशे, इख असतंय हे मला ठावं नव्हतं गं!’’

साळूबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी उजाडता कोयता-कुदळ नेऊन कुंपणाचा सगळा एरंड मुळासकट काढला. गुरुजींना वाटलं, बाईला सरपण हवं असेल.

एक शब्द बोलली असती तर ती त्याच दिवशी सुटली असती. पण मग पोरीचं काय झालं असतं? आईबाप लांब, म्हातारा आंधळा. पाचवीला हीच अकरा पोरं बरोबर जाणार. ‘इख घालनारी मोनी’ हे नावही बरोबर गेलं असतं. साळूबाईनं ते गिळून टाकलं. सोपं नव्हतं हो! कैक वेळा जिभेवर आलं, कैक वेळा तिनं दात आवळले.

अकरा वाजले. मैदानात लिंबू-चमचा संपला, पोरींचं गाणं सुरू झालं. मंडपात बाप्ये येऊन बसले होते. बाया मात्र एक नाही. सकाळपासून घराघरातून भाकरी थापल्याचा आवाज साळूबाईनं या कानांनी ऐकला होता. मग त्या भाकरी गेल्या कुठं? चुलीपाशी उभं राहिलं की खालची आळी दिसते. दारादारात बाया उभ्या होत्या. नुसत्या उभ्या, एकमेकींच्या तोंडाकडं पाहत.

अंगदराव मोबाईल हातात घेऊन आला. ‘‘मावशी, मी आचाऱ्याला सांगून ठिवलंय. पुरीभाजी तयार हाय त्याच्याकडं. पोरं उपाशी ऱ्हायला नगं.’’

‘‘बारा वाजू दे, अंगदा.’’

‘‘वाजू देऊ की,’’ तो म्हणाला. तोही काही आनंदानं बोलत नव्हता.

तो वळला आणि मागच्या बाजूनं मोनिका आली. धुतलेला गणवेश, तेल चोपडून घातलेल्या वेण्या, आणि पोटाशी फडक्याची गुंडाळी. तिनं ती धोतरावर सोडली. पाच भाकरी. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला करपलेल्या, गोल तर एकही नाही.

‘‘घरटी पाच,’’ ती म्हणाली. ‘‘आज्याच्या येगळ्या केल्यात.’’

साळूबाईनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

‘‘मावशे, आज माझं भाषन हाय. मी माईकवर समदं सांगनार.’’

‘‘खबरदार!’’ साळूबाईनं तिचं मनगट धरलं. ‘‘पाठ केलंय तेवढंच बोलायचं.’’

‘‘मग तुला काढत्याल.’’

‘‘काढू दे. मला दोन घास कुठंबी मिळत्याल. तुला अजून लई वर्सं ह्या लोकांत काढायचीत. माझी आन हाय तुला, मोने.’’

पोरीनं हात सोडवून घेतला. तेवढ्यात माईकवर गुरुजींचा आवाज आला, ‘‘आता चौथीच्या वर्गातर्फे कुमारी मोनिका आपलं मनोगत व्यक्त करील.’’ आणि ती धावत गेली.

साळूबाई पळी तशीच धरून चुलीपुढं आली.

‘‘आदरणीय गुरुजी, आणि माझ्या बालमित्रांनो,’’ मोनिकानं सुरुवात केली. ‘‘आज या शाळेचा निरोप घेताना...’’ ती थांबली. मागं कुणीतरी खुसखुसलं. गुरुजी हळूच पुढचं वाक्य सांगायला लागले. पोरीनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती चुलीकडं पाहत होती. ‘‘मला एक खरं सांगायचंय,’’ ती म्हणाली. ‘‘त्या दिवशी खिचडीत...’’

‘‘ए मोने!’’

सगळ्या माना वळल्या. फाटकातून सविता येत होती, डोक्यावर ही मोठी दुरडी, वर फडकं. ‘‘भाषन राहू दे मागनं! आधी ही दुरडी उतरू लाग, मान मोडली माझी! बघतीस काय, ये!’’

आता भर सभेत भाषण तोडायचं म्हणजे काय! अंगदराव कपाळाला हात लावून उठला. पण सविता कुणाकडं न पाहता थेट मंडपाच्या मधून चालत आली. मोनिका माईक सोडून धावली. दोघींनी मिळून दुरडी धोतरावर रिती केली. पाच कसल्या, पंचवीस भाकरी होत्या. मग सवितानं त्यातलीच एक मोडली, पातेल्यापुढं वाटी धरली, ‘‘वाढा, मावशी’’ म्हणाली आणि साऱ्या वाडीसमोर उकिडवी बसून आमटी-भाकरी खाल्ली. तिचा घास खाली उतरेपर्यंत कुणी हललं नाही.

खालच्या आळीतल्या बायांना तेवढंच पाहिजे होतं. पहिलं कोण जातंय, एवढ्यासाठीच तर सगळ्या अडल्या होत्या! आधी गोजरबाई निघाली, मग तिची सून, मग सगळी आळीच दुरड्या घेऊन लोटली. ढीग गुडघ्याच्या वर गेला. अंगदरावानं आचाऱ्याला फोन लावला आणि बाजूला जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

बाया भाकरी रचण्यात गुंतल्या तशी सविता साळूबाईजवळ सरकली. ‘‘ओंकारनं मला त्या मोनीच्या काजूचं त्याच हप्त्यात सांगितलं,’’ ती पुटपुटली. ‘‘पन मी दवाखान्यात एवढी बोंब मारली हुती. कुठल्या तोंडानं यावं? कुंपणाचा एरंड काढलात, म्हंजी तुमालाबी ठावं हाय. वाटलं, तुमीच बोलताल आज ना उद्या. तुमी काय बोलंना.’’

साळूबाईनं तिच्याकडं पाहिलं. राग आला होता, आणि तो तिनं झाकला नाही.

‘‘तीन हप्ते कुत्र्यांनी खाल्ली गं माझी खिचडी, सविते.’’

‘‘व्हय,’’ सविता म्हणाली, आणि तिची मान खाली गेली.

मोनिकानं राहिलेलं भाषण म्हटलं. पाठ केलेलं, तेवढंच. मग पंगत बसली. रीतीप्रमाणं चौथी पहिली, बारा पोरं एका रांगेत. साळूबाई बादली घेऊन वाढायला निघाली. ओंकार जागेवरून उठून भाकरीच्या ढिगाशी गेला, वरखाली करून एक करपलेली, वेडीवाकडी भाकरी उपसून घेऊन आला आणि मोनिकाच्या शेजारी बसला.

‘‘ही मोनीची,’’ तो म्हणाला. ‘‘हिच्यात काजू न्हाईत ना गं?’’

मोनिकाचा चेहरा पांढरा पडला. पण रांगेतली दहाच्या दहा पोरं तोंडावर हात धरून फिदीफिदी हसायला लागली. साळूबाईची पळी हवेत राहिली. एकट्या ओंकारला नाही, सगळ्यांना ठाऊक होतं! ओंकारनं आईच्या कानात सांगितलं तेवढं सोडलं, तर तीन आठवडे, घरच्यांनी खोदून खोदून विचारलं तरी, अकरांतल्या एकानंही वाडीत पोरीचं नाव निघू दिलं नव्हतं.

‘‘काजू कसले रे?’’ मागून अंगदरावानं विचारलं.

‘‘काय न्हाई पप्पा, आमचं चौथीचं हाय ते,’’ ओंकार म्हणाला. त्यानं भाकरी चुरली, करपलेल्या कडेसकट, आणि ताट पुढं केलं. ‘‘मावशे, वाढ की!’’

मोनिका रडता रडता हसत होती. साळूबाईनं पळी भरून आमटी ओतली, आणखी एक ओतली, पदरानं नाक पुसलं.

‘‘ताटात ठिवलंस तर बघ,’’ ती म्हणाली. ‘‘पळी डोक्यात घालीन.’’