बिराप्पाकाकांचा सुरुंग आणि सुमनचा अणुबॉम्ब

यंदा जानेवारीत मंगळवेढ्याकडे जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. माझी पत्नी सुमन दरवर्षी या दिवसांत माहेरी जायची, हुरडा खायची आणि गावच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात एक तास बोलायची. ती सोलापुरात विज्ञान शिकवायची. मी बँकेत होतो; चार माणसांत बोलायची मला सवय नाही. दिवाळीआधी ती वारली.

तिची भाषणांची वही चाळताना अणुबॉम्बाच्या पानाशी थांबलो. समासात लिहिलं होतं, ‘बिराप्पाकाकांना अजून पटलं नाही.’ हेच वाक्य वहीत चार वर्षं, चार ठिकाणी. काका म्हणजे तिचे चुलते. त्यांचं आयुष्य विहिरींत सुरुंग लावण्यात गेलं आणि त्यांच्या मते अणुबॉम्ब म्हणजे मोठा सुरुंगच. मी शाळेला फोन केला. यंदाचा तास मी घेतो म्हटलं.

सकाळी सातच्या एसटीनं निघालो. पासष्ट ओलांडल्यामुळे निम्मं तिकीट. रस्ता आता चांगला आहे, दीड तासात मंगळवेढा येतं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “कुटं निगाला?”

“शाळेत. अणुबॉम्बावर बोलायचंय.”

त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि पाय जरा आवरून घेतले. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि सुमनचे तक्ते होते.

वेळ असेल तर वाटेत माचणूरला उतरा. भीमेकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ शांत आहे. मी मात्र थांबलो नाही. मंगळवेढ्याहून पुढे गावापर्यंत वडापची जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, हे धरून चाला.

काका शेतातच भेटले. आगटीच्या निखाऱ्यावर कणसं भाजत होती. यंदा ज्वारी चांगली आली आहे. काळ्या रानात नजर जाईल तिथवर कणसंच. गरम हुरडा, शेंगाचटणी, वर घट्ट दही. बऱ्याच महिन्यांनी मी पोटभर खाल्लं. विकतचा खायला येणाऱ्यांनी हुरड्याचा दर आधी विचारून घ्यावा. मला कुणी पैसे देऊ देणार नव्हतं.

“सुमीनं लई डोकं खाल्लं माजं,” काका म्हणाले. “आता जावईबापू व्हय?”

त्यांनी मला स्वतः फोडलेली विहीर दाखवली आणि कामाची रीत सांगितली. “दारूचं जेवडं बार भरलं, तेवडं आवाज मोजायचं. एक जरी कमी भरला तर उतरायचं न्हाय. धूर गेला की पयला मी उतरायचो. गड्याला कदी म्होरं सोडला न्हाय.”

दुपारी शाळेचा हॉल भरला होता. काका पहिल्या ओळीत, काठीवर हनुवटी टेकून. सुमनच्या तक्त्यावर बोट ठेवून बोलू लागलो.

सुरुंगात अणू फक्त जोड्या बदलतात. दारूतलेच अणू क्षणात नव्यानं जुळतात, तापलेला वायू फुगतो, दगड फुटतो. अणूच्या मधल्या गाभ्याला धक्काही लागत नाही.

“काका, फुटल्यावर दगडाचं काय होतं?”

“खडी. सोनं हुतंय व्हय?” हॉल हसला.

अणुबॉम्बात गाभाच फुटतो, मी म्हटलं. युरेनियमचा जड गाभा दुभंगतो, त्यातून सुटलेले कण शेजारचे गाभे फोडतात, आणि ते पुढचे. युरेनियम युरेनियम राहत नाही. तेवढ्याच वजनाच्या सुरुंगापेक्षा लाखो पटींनी जास्त ऊर्जा निघते. हायड्रोजन बॉम्बात उलटं, हलके गाभे एकमेकांत मिसळतात, सूर्यात मिसळतात तसे. त्याला इतकी उष्णता लागते की तो पेटवायला आधी एक अणुबॉम्ब फोडावा लागतो.

“म्हंजे लई मोटा बारच की,” काका म्हणाले.

याच जागी सुमन चार वर्षं अडली होती. मला सकाळची विहीर आठवली.

“काका, आवाज मोजला. धूरही गेला. पण राख खाली पडत राहते आणि तिच्यातून किरण निघतात. त्यांना रंग नाही, वास नाही. तिथे पहिलं कोण उतरणार?”

काकांनी काठी आडवी मांडीवर ठेवली.

“कुनीच न्हाय,” ते म्हणाले. “मी बी न्हाय.” मग पोरांकडे वळले. “ज्यात म्होरं कोन उतरायचं तेच कळत न्हाय, तो सुरुंग न्हवं. सुमी बरोबर हुती. लिवून घ्या.”

मुलांनी खरंच लिहून घेतलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी तक्ते गुंडाळत होतो. नीट गुंडाळले जात नव्हते.

बाहेर काका म्हणाले, “ह्ये सुमीनं का न्हाय इचारलं?” आणि स्वतःच थांबून म्हणाले, “कसं इचारंल? बाईमानसाला आमी इहिरीवर येऊच दिलं न्हाय.”

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. येताना खिडकी मिळाली, भीमेवरून ऊन तिरपं आलं होतं. इतका हलका मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो.

घरी आल्यावर चहा न करता वही काढली. चौथ्या वाक्याखाली पेनानं लिहिलं, ‘काकांना पटलं.’ माझं अक्षर तिच्याइतकं चांगलं नाही, पण वाचता येतं.