दोन सेट फ्लॉप्या आणि एक दसरा

"आता मी दाबू?" डॉक्टर नातूंनी विचारलं.

त्यांचं बोट की-बोर्डवरच्या 'वाय' या अक्षरावर टेकायला आलं होतं. स्क्रीनवर इंग्रजीत ताकीद होती की, या पार्टिशनमधला सगळा मजकूर नाहीसा होईल, तुमची खात्री आहे का? डॉक्टरांची नव्हती. माझी होती.

"दाबा डॉक्टर. शुभस्य शीघ्रम्."

त्यांनी दाबलं. पेशंटांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी एका सेकंदात पुसल्या गेल्या. सुशीलाबाईंनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि मी तो खाल्ला. नोंदी पुसायच्याच होत्या. त्या परत आणायची व्यवस्था मी आदल्या दुपारी करून ठेवली होती, तीही एकदा नाही, दोनदा.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. एका कंपनीत पाच वर्षं सर्व्हिस इंजिनिअर म्हणून काढल्यावर मी कॉम्प्युटर मेंटेनन्सचा स्वतःचा धंदा सुरू केला होता. राहायला डोंबिवली, कामं बहुतेक ठाण्यात. बेल वाजवली की दार उघडणारा माणूस माझ्या मागे जिन्यात बघायचा, इंजिनिअर कुठे राहिला म्हणून. त्यामुळे की काय, मी जरा जास्तच ठासून बोलायला शिकले होते.

डॉक्टर नातूंचा नौपाड्यात होमिओपॅथीचा दवाखाना होता. होमिओपॅथ पेशंटला काय काय विचारतात हे ज्यांनी औषध घेतलंय त्यांना माहीत असेल. आंबट आवडतं का? पंखा सोसतो का? स्वप्नात पाणी दिसतं का? रडू आलं तर कुणी जवळ घेतलेलं चालतं का? ही सगळी उत्तरं केसपेपरवर उतरायची, आणि एकेक पेशंट दहा-दहा पानांचा व्हायचा. डॉक्टरांच्या मेव्हण्याने सिंगापूरहून लॅपटॉप आणून दिला. मग एका टायपिस्ट मुलीने वर्षभर बसून ती पानं होमिओपॅथीच्या एका प्रोग्राममध्ये भरली. हा प्रोग्राम डॉसवर चालायचा. डॉस म्हणजे काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, चित्रं नाहीत, माऊस नाही.

आता डॉक्टरांना विंडोज ९५ हवं होतं. एका परिषदेत निबंध वाचायचा होता, तो आकृत्यांसकट. पण प्रोग्रामची कुणी कॉपी करू नये म्हणून त्याला एक कुलूप होतं, प्रिंटरच्या जागी खोचायचा खडूएवढा तुकडा. ते कुलूप विंडोजमध्ये काही केल्या उघडेना. म्हणजे डॉसही हवं आणि विंडोजही हवं. याला ड्युअल बूट म्हणतात. मशीन सुरू होताना एफ-फोर दाबलं की जुनं डॉस, नाही दाबलं की विंडोज.

खरं सांगायचं तर ही दोन्ही एकाच डिस्कवर, काहीही न पुसता, सुखाने नांदली असती. पण मला ते अघळपघळ वाटलं. दोन भाऊ, दोन चुली, मध्ये भिंत, असं व्यवस्थित हवं होतं. डिस्कचे असे भाग पाडणं म्हणजे पार्टिशन. माझ्याकडे तेव्हा जी साधनं होती, त्यांनी भिंत घालायची तर आधी सगळं घर रिकामं करावं लागायचं. भिंत हवीच का, असं मला कुणी विचारलं नाही. मी इतक्या ठामपणे बोलत होते की विचारणार कोण?

घर रिकामं करायचं म्हणजे आधी बॅकअप. नवमीच्या दुपारी मी तो घेतला. बॅकअपचा प्रोग्राम सगळा मजकूर दाबून बसवतो आणि त्याचे तुकडे करून फ्लॉप्यांवर टाकतो. अकरा फ्लॉप्या झाल्या. परत भरताना त्या क्रमानेच द्याव्या लागतात, मधली एक जरी वाचली नाही तरी गाडी तिथेच अडते. म्हणून मी अकरांचे दोन सेट केले आणि दोन्ही ताडून बघितले. सगळं ठीक होतं.

मग मी सुशीलाबाईंना बोलावून समज दिली. सुशीलाबाई या दवाखान्याच्या कंपाउंडर. चेंदणी कोळीवाड्यातल्या, दवाखाना उघडला त्या दिवसापासून तिथे. डॉक्टरांचा चष्मा कुठे आहे हे डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त माहीत.

"हे दोन सेट कधीही एकत्र ठेवायचे नाहीत," मी म्हणाले. "एक इथे ड्रॉवरमध्ये, एक डॉक्टरांच्या घरी. आग, पाणी, चोर, काहीही होऊ शकतं. आणि फ्लॉपीला धूळ लागता कामा नये, पाणी नको, लोहचुंबक नको. जिवापाड जपायचं."

"एवढ्याशा चकतीचं एवढं सोवळं?" सुशीलाबाई म्हणाल्या. "बरं. जपते."

"आणि हे जुने केसपेपर रद्दीत द्या. सगळं मशीनमध्ये गेलंय. कागदाला वाळवी लागते, कॉम्प्युटरला लागत नाही."

डॉक्टर जरा घुटमळले. पण सुशीलाबाईंनी सहा गठ्ठे सुतळीने बांधून तयारच ठेवले होते. माझं कधी नव्हे ते त्यांना पटलं होतं, कारण दसऱ्याच्या आत खोली झाडायची होती.

पार्टिशनचं काम दसऱ्यालाच करायचं हा डॉक्टरांचा हट्ट. तसे ते विज्ञाननिष्ठ, पण साडेतीन मुहूर्तांपैकी एक फुकट कशाला घालवा? सकाळी साडेनऊला मी पोचले. टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं. मध्ये चौरंगासारखा उंचवटा करून त्यावर लॅपटॉप, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ. बाजूला स्टेथोस्कोप, औषधांच्या बाटल्या, आपट्याची पानं. आणि समोर पंख्यासारख्या मांडलेल्या बावीस फ्लॉप्या.

"दोन्ही सेट?" मी विचारलं. "एक घरी ठेवायचा होता ना?"

"मी सकाळी जाऊन मागून आणला," सुशीलाबाई म्हणाल्या. "एकाला पुजायचं आणि दुसऱ्याला नाही, बरं दिसतं का ते? वर्षाचा सण."

यावर मी रागवायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्यांनी कुंकवाचा करंडा माझ्यापुढे केला.

"तुम्हीच लावा. मशीनचं सगळं तुम्ही केलंत. इंजिनिअरच्या हातनं होऊ दे."

इतक्या वर्षांत मला त्या शब्दाने आपणहून हाक मारणारं हे पहिलं माणूस. मी फुलून गेले, हे कबूल करते. मी लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं. स्टेथोस्कोपला लावलं. मग एकेका फ्लॉपीला, क्रमाने, एक ते अकरा आणि पुन्हा एक ते अकरा. अक्षता टाकल्या. फुलाने पाणीही शिंपडलं. फ्लॉपीला एक सरकतं पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या आत ती नाजूक चकती. झाकण घट्ट बसत नाही, हे मी नवमीला तासभर समजावून सांगितलं होतं.

"संध्याकाळपर्यंत चालू होईल ना?" डॉक्टरांनी विचारलं. "उद्या नऊला मोहने गावाहून ती मुलगी येतेय, दम्याची. नऊ वर्षांची आहे. मी दिलेल्या तीन औषधांपैकी एकाने तिला मागे जोराचा अॅटॅक आला होता. कुठलं, ते केसमध्ये बघावं लागेल."

"दुपारपर्यंत," मी म्हणाले. आणि त्यांनी वाय दाबलं.

भिंत छान उभी राहिली. डॉसच्या फ्लॉप्या घातल्या, डॉस बसलं. मग बॅकअपची पहिली फ्लॉपी, दुसरी. तिसरीला ड्राइव्हमधून कुरकुर ऐकू आली. स्क्रीनवर आलं की वाचता येत नाही. फ्लॉपी काढून झाकण सरकवलं, तर चकतीवर गोल लाल रेघ होती.

ड्राइव्हच्या आत एक हेड असतं. ते चकतीला टेकून मजकूर वाचतं. हेड घाण झालं की पुढे येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीला ते ओरबाडतं. अशा वेळी दुसरी फ्लॉपी घालायची नाही, आधी हेड साफ करायचं, हे ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः दोन बॅचना शिकवलंय. आणि तरी मी दुसऱ्या सेटची तिसरी फ्लॉपी त्याच ड्राइव्हमध्ये घातली. पुन्हा कुरकुर. घाबरलं की हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं.

"काही अडलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"ड्राइव्ह जरा साफ करायला हवा," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

बावीस फ्लॉप्या पिशवीत घालून मी रिक्षाने खोपटला गेले. तिथे शरद नावाचा माझा जुना सहकारी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. रिक्षाला माळ, समोर डेपोतल्या एसट्यांना माळा. एका एसटीच्या तोंडावर तर पसाभर कुंकू फासलेलं, आणि ती मजेत कल्याणला निघाली होती. मला त्या एसटीचा हेवा वाटला.

शरदने झाकण सरकवून बघितलं.

"हे काय लाल?"

"कुंकू."

"अरे देवा. पार्टीने लावलं? या लोकांना ना, कितीही सांग..."

"तुझा ड्राइव्ह साफ आहे ना? वाच आधी."

दोन्ही तिसऱ्या मेल्या होत्या. त्याने नाना युक्त्या केल्या, स्पिरिटने चकती पुसून बघितली. पहिल्या दोन वाचल्या जात होत्या, शेवटच्या सहा वाचल्या जात होत्या, आणि तिसरीशिवाय त्यांचा उपयोग शून्य. दीड वाजता मी परत निघाले. धंदा बुडेल ही भीती होतीच, पण डोळ्यांसमोर ती मुलगी होती, मी कधी न बघितलेली. होमिओपॅथ पेशंटला औषधाचं नाव सांगत नाहीत आणि सगळ्या गोळ्या पांढऱ्याच. तिच्या आईला विचारून काही कळणार नव्हतं.

डॉक्टरांसमोर बसून मी सगळं सांगितलं. भिंतीची गरज नव्हती इथपासून. कुंकू मी लावलं हेही. त्यांनी मला निरखून बघितलं. मग म्हणाले, "छातीत धडधडतंय?"

"हो."

"डाव्या कुशीवर वळलं की वाढतं?"

त्यांनी कोरा केसपेपर ओढला आणि वर माझं नाव लिहिलं. तो कागद बघितला आणि मला रडू आलं. रडताना कुणी जवळ घेतलेलं चालतं का, हेही त्यांनी विचारून घेतलं.

"रद्दीवाला कधी आला होता?" मी डोळे पुसत विचारलं. "सुशीलाबाई, कुठला तो? त्याच्याकडे जाऊन बघू. अजून गोदामात असतील."

"कसला रद्दीवाला?" सुशीलाबाई म्हणाल्या.

"गठ्ठे. केसपेपर."

"ते होय!" त्या टेबलाशी गेल्या. माळ उतरवली, लॅपटॉप उचलून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला आणि पांढरं कापड एका बाजूने वर केलं. तो चौरंगासारखा उंचवटा म्हणजे सहा गठ्ठे होते, सुतळीने चौकोनी बांधलेले.

"चौरंग शेजारी घटाला दिलाय," त्या म्हणाल्या. "मला उंची हवी होती. आणि आता काय ते पूजेखाली गेले. पुजलेले कागद सणाच्या दिवशी रद्दीत देतात का कुणी? दिवाळी झाली की देईन."

सकाळपासून मी ज्या मशीनवर काम करत होते, ते त्या कागदांवरच उभं होतं. वाय दाबलं तेसुद्धा त्यांच्यावरच. ज्या पूजेने माझा बॅकअप बुडवला, तिनेच मूळ कागद रद्दीवाल्यापासून वाचवले, आणि दोन्ही वेळा कुणालाही काही ठाऊक नव्हतं. सुशीलाबाईंना कागदांची किंमत कळली होती, असं मी पुढे चार ठिकाणी सांगून बघितलं. त्यांनी ते दर वेळी खोडून काढलं. "मला चौरंग नव्हता," एवढंच त्या म्हणायच्या.

तिसऱ्या गठ्ठ्यात मोहन्याची मुलगी सापडली. डॉक्टरांनी पान उघडलं. एका औषधाच्या नावाखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, 'पुन्हा कधीही नाही'. टायपिस्ट मुलीने औषधाचं नाव टाइप केलं होतं. रेघा आणि समास तिने सोडून दिले होते, कारण प्रोग्राममध्ये त्यांना जागाच नव्हती. स्क्रीनवर त्या कधीच दिसल्या नव्हत्या, हे डॉक्टरांच्या त्या दुपारी पहिल्यांदा लक्षात आलं.

"म्हणजे तुमच्या फ्लॉप्या वाचल्या असत्या," ते सावकाश म्हणाले, "तरी मी उद्या चुकलोच असतो का?"

मी पुढच्या गठ्ठ्याची सुतळी सोडायला घेतली. ते बहुधा मला विचारतही नव्हते.

सगळे केसपेपर मी पुन्हा टाइप केले, समासासकट. पुढची तीन वर्षं दर रविवारी, फुकट. नौपाड्यातली निम्मी माणसं कशाला घाबरतात हे मला तेव्हापासून ठाऊक आहे, पण मी कुणाला सांगत नाही. विंडोज मात्र लगेच बसलं, भिंतीपलीकडे. डॉक्टरांनी परिषदेत त्यावर आकृत्या दाखवल्या आणि एरवी ते एफ-फोरच दाबत राहिले.

लोक विचारतात, यातून काय शिकलात? बॅकअप घेतला की तो लगेच दुसऱ्या मशीनवर भरून बघायचा, हे शिकले. ते तर पुस्तकातही आहे. पुस्तकात नसलेली गोष्ट एकच. अजूनही कुणाची डिस्क पुसायची वेळ आली की मी आधी मशीन उचलते, खालचं कापड वर करते, आणि ते कशावर उभं आहे ते बघून घेते.