चहापुरतं दूध

आमच्या धाकलीच्या म्हशीला कुणी चांगलं म्हटलं की धाकलीचं तोंड वाईट व्हायचं. धाकली म्हणजे माझी जाऊ. मी थोरली, ती धाकली. आमच्या माले गावात तिला नावानं कुणी हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. "काय कास हाय गं!" असं कुणी म्हणायचा अवकाश, ही लगेच थू थू करायची आणि म्हणायची, "कुटली कास! देती आपली चहापुरतं." चरवीच्या तोंडापर्यंत फेस आलेला असायचा, तरी चहापुरतंच! दुधाचा आकडा तोंडानं सांगितला की नजर लागून दूध आटतं, हे आमच्याकडं परकरातल्या पोरीलाही ठाऊक. मलासुद्धा तिनं कधी खरं सांगितलं नाही.

माझा दीर गेला आणि दोन म्हशींवर तिनं संसार ओढला. माणसांवर खेकसायची, पण धारेला बसली की, "बाय माझी, सरक जरा." मी म्हणायचे, "आमालाबी कधी बाय म्हण की!" तर म्हणते कशी, "तुमी दूध देता व्हय, आक्का?"

पुढं नांदे गावातल्या नव्या फ्लॅटच्या सोसायट्यांना दूध पुरवणारे लोक गावात आले. गोठा तपासून खात्रीचं प्रमाणपत्र देणार, मग दूध चढ्या भावानं घेणार. धाकलीनं एक पाटली मोडून गोठ्यात कोबा केला, पाण्याचा नळ घेतला, तपासणीची फी भरली. गावातला रतीबही तोडला. तपासायला आलेला साहेब वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? कास कशी धुवायची, लस कधी टोचायची, चांगलं तेच शिकवलं त्यानं. शेवटी त्यानं विचारलं, "मावशी, दूध किती देतात?" दोन्ही म्हशी तिथंच उभ्या. धाकलीनं पदर तोंडाला लावला. "देत्यात आपल्या चहापुरतं." तो हसला, आकडा मागत राहिला. हिनं निम्म्याच्याही खाली सांगितला. त्यानं तोच लिहून घेतला.

दूध जायला लागलं ते अर्थातच लिहिल्यापेक्षा जास्त. महिना-दीड महिन्यानं त्या दूधवाल्यांचा माणूस आला. म्हणे, तपासलेल्या गोठ्याबाहेरचं दूध मिसळता, प्रमाणपत्र रद्द. धाकली आधी हसलीच. "आरं बाबा, नजर लागंल म्हनून कमी सांगितलं. हितंच बस, तुज्यासमोर धार काडते." तो म्हणाला, असं चालत नाही. फेरतपासणीला अर्ज करा, फी परत भरा. पिरंगुटच्या अंगाला मोठा गोठा आहे, त्या मालकाला ती फी म्हणजे एका सकाळचं दूध. हिच्याकडं दुसरी पाटली नव्हती.

तेवढ्यावर भागतं तरी बरं. गावानं ऐकलं एक आणि सांगितलं दुसरंच. बाहेरचं दूध मिसळलं याचं आठ दिवसांत पाणी मिसळलं झालं. जिनं आयुष्यात चरवी विसळलेलं पाणीसुद्धा दुधात पडू दिलं नाही, तिच्या जुन्या गिऱ्हाइकांनी पिशवीचं दूध धरलं ते सोडलंच नाही. मी घरोघर सांगत फिरले. बाया म्हणायच्या, "तुमची जाऊच ती, तुमी तसंच म्हननार." मला म्हणून कुणी विचारलं, की लहान माणसानं ते प्रमाणपत्र घ्यावं का, तर मी सांगते, एकदा चुकल्यावर दुसऱ्यांदा फी भरायची ऐपत असेल तर घ्यावं. नाहीतर गावातली चार घरं सोडू नयेत.

दूध घ्यायला कुणी राहिलं नाही, म्हशींना पेंड घालायची कशातून? म्हशी टेम्पोत चढवल्या त्या दिवशी ती रडली नाही. टेम्पो वळणाआड गेला तशी तिनं खराटा घेतला आणि कोबा घासायला लागली, बादलीवर बादली ओतून, कोपऱ्याकोपऱ्यातून. उद्या ती लेकीकडं जायची होती, कायमची. मी म्हटलं, "आता गं कुणासाठी धुतीस?"

"गावासाठी," ती मान वर न करता म्हणाली. "पानी घालती म्हनलेत, आता घाण ठेवून गेली म्हनाय नगं."