नाक चुकवणारे पेंटरकाका

रडणाऱ्या माणसाला भांडायला लावण्याची कला आख्ख्या परभणी जिल्ह्यात फक्त पेंटरकाकांनाच साधली होती, हे मी छातीठोकपणे सांगते. बोरीच्या पुढे कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात लेखक-चित्रकारांचं महिनाभराचं निवासी शिबिर होतं. खेड्यात राहा, आपापलं काम करा, एकमेकांशी बोला, एवढीच अट. आम्ही पाच जण बाहेरून आलेलो. त्यातला एक कवी शांतता शोधायला आला होता आणि पहिल्याच सकाळी पाण्याच्या मोटारीवरून वॉचमनशी कचाकचा भांडला. सहावे गावातलेच, ते पेंटरकाका. वय सत्तरीचं, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे, आणि कामाचा विषय एकच : मेलेली माणसं.

जिवंत माणसाचं चित्र ते काढतच नसत. घरात कुणी गेलं की लोक त्यांच्याकडे येत, कारण मागे उरलेला फोटो बहुधा आधार कार्डावरचा, आणि त्यात कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. त्यामुळे काकांनी जरा निरखून पाहिलं की गावातली धट्टीकट्टी माणसंही वाट बदलत. एकदा आमच्या कवीकडे ते दोन मिनिटं टक लावून बसले, तर डबा आणणाऱ्या मावशींनी त्याला हळूच विचारलं, "दादा, तब्येत बरी हाय ना?" बिचारा त्या दिवशी जेवलाच नाही.

त्यांची काम करण्याची तऱ्हा तर जगावेगळी. पत्र्याच्या काळ्या पाटीवर आधी खडूनं चेहरा काढायचा, तोही मुद्दाम चुकवून. जिंतूरहून एक बाई आईचं चित्र करून घ्यायला आली होती. आई कशी दिसायची विचारलं की नुसता हुंदका. काकांनी पाटीवर नाकाच्या जागी असं काही भजं काढलं की ती रडायचं सोडून उसळली, "हे काय नाक हाय? माझ्या मायचं नाक सरळ व्हतं, शेंड्याला जरा बसकं!" काका शांतपणे पुसत म्हणाले, "मग सांगा की. कान कसे व्हते?" कानांचंही त्यांनी वाट्टोळं केलं. तासाभरात बाई लालबुंद झाली आणि आई पाटीवर उतरली. नंतर मला म्हणाले, "ताई, माणूस रडायला लागला की त्याला चेहरा दिसत न्हाई. राग आला की दिसतो."

त्यांच्या खाटेजवळ भिंतीला टेकवलेली एक पाटी मात्र पूर्ण होत नव्हती. ती त्यांच्या बायकोची. मागच्या हिवाळ्यात ती गेली. मूलबाळ नाही, तिच्या माहेरचं कुणी उरलेलं नाही. काकांनी चित्राचं नाव काढलं की ती हसून म्हणायची, "मी जिती हाय की अजून. मेल्यावर काढा." आता ते रोज काढत आणि येईल त्याला विचारत, "बगा, काय चुकलंय?" प्रत्येक जण म्हणायचा, "हुबेहूब, काका." दुःखातल्या म्हाताऱ्याच्या चुका कोण काढणार? एका दुपारी त्यांचा आवाज फाटला. "रोज येगळी काढायलोय, तरी समदे हुबेहूब म्हनायलेत. ताई, ती ध्यानातून जायलीय माझ्या." मला त्या सगळ्या भल्या माणसांचा भयंकर राग आला.

शेवटच्या दिवशी, बसला अजून तासभर अवकाश असताना, मी बॅग खाली ठेवली आणि त्या पाटीसमोर उभी राहिले. त्या बाईंना मी जन्मात पाहिलं नव्हतं. "काका, नाक साफ चुकलंय," मी म्हणाले. "इतकं फताडं कुठलं असायला?"

ते ताडकन उठले. "तुमी पाह्यलं व्हतं का तिला? काय बोलायलाव? चमकीच्या खाली उजवीकडं कललेलं व्हतं, हसली की अजून कलायचं!" आणि बोलता बोलता खडूनं त्यांनी ते कललेलं नाक काढलंसुद्धा. मग हनुवटीवरून भांडले, कपाळावरून भांडले, शिकलेल्या बायांना अक्कल नसते हेही ऐकवलं. बोलणी खाऊन इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

त्या भरात मी म्हणाले, "आणि डोळे? एवढे बारीक थोडेच असतील?"

मी आरडाओरड्याची वाट पाहत राहिले. काकांचा खडू हवेतच थांबला. पाटीकडे पाहत ते अगदी हळू म्हणाले, "नसतील. तुमी म्हनताव तर नसतील."

बस आली ती मी जाऊ दिली. काकांनी ओल्या फडक्यानं पाटीवरचे डोळे तेवढे पुसले, आणि आम्ही दोघं खाटेवर त्या बाईंच्या नाकाकडे पाहत बसलो. नाक फार छान होतं.